लुआ स्क्रिप्टमधील त्रुटीमुळे यजमान प्रोग्रॅम वारंवार बंद पडणे किंवा गोठणे : कारणे, तपासणी आणि उपाय

चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात आम्ही बसवलेले गळती-तपासणीचे यंत्र आहे. ओतीव भागात हवा भरायची, व्हॉल्व्ह बंद करायचा, ठरलेल्या सेकंदांत दाब किती घटतो ते मोजायचे आणि भाग पास की रिजेक्ट ते ठरवायचे, एवढेच त्याचे काम आहे. यंत्राचा मुख्य प्रोग्रॅम सी++ मध्ये आहे. प्रत्येक मॉडेलची दाबाची मर्यादा, स्थिरावण्याचा वेळ आणि मोजणीचा क्रम मात्र लुआ या छोट्या भाषेतील, मुख्य प्रोग्रॅमच्या आत चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे, कारण नवे मॉडेल आले की शिफ्टच्या सुपरवायझरला आमची वाट न पाहता स्वतः बदल करता यावा, अशी कारखान्याची रास्त अपेक्षा होती.

या यंत्राबद्दल तीन तक्रारी पुन्हा पुन्हा येत राहिल्या. पहिली अशी, की मॉडेल बदलल्यावर कधीकधी प्रोग्रॅम पडद्यावरून नाहीसाच होतो आणि लॉगमध्ये त्याचा मागमूसही उरत नाही. दुसरी अशी, की पडदा चालू असतो, आकडे हलत असतात, पण सायकल सुरू करण्याचे बटण दाबले तरी काहीही होत नाही आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. तिसरी सर्वांत गोंधळात टाकणारी होती : आदल्या दिवसभर बिनतक्रार चाललेली स्क्रिप्ट दुसऱ्या दिवशी ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ असा संदेश देऊन चालायला नकार देते.

या तीन स्वतंत्र अडचणी आहेत असे आम्ही धरून चाललो. कोथरूडहून नाशिक फाट्यामार्गे चाकणला अनेक फेऱ्या झाल्या, पॅनेलचे अर्थिंग तपासले, सेन्सरच्या केबल बदलल्या, पॉवर सप्लाय बदलला. शेवटी ध्यानात आले की तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे आणि ते आमच्याच कोडमध्ये आहे. लुआमधून येणारी त्रुटी यजमान प्रोग्रॅममध्ये, म्हणजे लुआला आपल्या आत चालवणाऱ्या मुख्य प्रोग्रॅममध्ये, कोणत्या वाटेने येते, याचा आम्ही नीट विचारच केला नव्हता. ज्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये लुआ बसवली आहे आणि ज्यांना यांपैकी एखादे लक्षण दिसते आहे, त्यांच्यासाठी ही तपासणी सविस्तर मांडत आहे. पुढील सर्व विवेचन लुआ ५.४ धरून आहे. जिथे जुन्या आवृत्तीत फरक आहे तिथे तसे सांगितले आहे.

त्रुटी कोणत्या वाटेने येते

लुआ ही १९९३ मध्ये रिओ दी जानेरोच्या पॉन्टिफिकल कॅथलिक विद्यापीठात जन्मलेली भाषा आहे. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत राहता यावे, हा तिच्या रचनेमागचा एक प्रमुख हेतू आहे. तिचा गाभा शुद्ध सी मध्ये लिहिलेला आहे. सी मध्ये एक्सेप्शन (त्रुटी फेकून वरच्या पातळीवर झेलण्याची सोय) नसते, म्हणून त्रुटी आली की लुआ ‘सेटजंप’ आणि ‘लाँगजंप’ या जोडीचा वापर करते. संरक्षित कॉल (त्रुटी झेलण्याची तयारी ठेवून केलेला कॉल, लुआत तो ‘लुआ_पीकॉल’ने होतो) सुरू होताना परतीची जागा नोंदवली जाते आणि त्रुटी येताच अंमलबजावणी थेट त्या जागी येऊन पडते.

येथे एक चित्र डोळ्यांसमोर ठेवले तर पुढचे सगळे सोपे होते. एखादे फंक्शन त्रुटीचा क्रमांक परत करते तेव्हा ती त्रुटी जिना उतरून येते; वाटेतल्या प्रत्येक मजल्यावर थांबते आणि तिथले दिवे बंद करण्याची संधी आपल्याला देते. लाँगजंपने येणारी त्रुटी मात्र गच्चीवरून थेट अंगणात उडी मारते. मधल्या मजल्यांवर जे उघडे होते ते उघडेच राहते. अंगणात कोणी झेलणारे नसेल, म्हणजे एकही संरक्षित कॉल चालू नसेल, तर लुआ ‘पॅनिक’ फंक्शन बोलावते आणि ते परतले की ‘ॲबॉर्ट’ करून संपूर्ण प्रोसेस संपवते.

पहिली तक्रार : प्रोग्रॅम निरोप न घेता नाहीसा होतो

आमच्या कोडमध्ये मॉडेलची स्क्रिप्ट ‘लुआ_पीकॉल’मधूनच चालवली जात होती, त्यामुळे ‘आपण संरक्षण वापरतो’ असा आमचा ठाम समज होता. स्क्रिप्ट चालून संपल्यावर मात्र तिने भरलेल्या टेबलातून मर्यादा वाचण्यासाठी आम्ही ‘लुआ_गेटग्लोबल’ आणि ‘लुआ_गेटफील्ड’ ही फंक्शने थेट बोलावत होतो. सुपरवायझरने नवे मॉडेल तयार करताना टेबलाच्या नावातले एक अक्षर चुकवले. स्क्रिप्ट बिनचूक चालली, कारण व्याकरणाच्या दृष्टीने तिच्यात दोष नव्हता. पुढच्या ओळीत आम्ही ‘निल’ या, म्हणजे ‘काहीच नाही’ अशा अर्थाच्या, मूल्यातून फील्ड वाचायला गेलो, लुआने त्रुटी फेकली, ती झेलायला कोणीच नव्हते आणि प्रोसेस संपली. ‘लुआएल_न्यूस्टेट’ने तयार केलेल्या स्टेटमध्ये पॅनिकचा संदेश स्टँडर्ड एररवर लिहिला जातो, आमचा प्रोग्रॅम पार्श्वभूमीत सुरू होत असल्यामुळे तो संदेश कुणाच्याही नजरेस पडला नाही.

लुआच्या संदर्भपुस्तिकेत सी बाजूच्या प्रत्येक फंक्शनसमोर चौकटी कंसात तीन खुणा दिलेल्या असतात. पहिल्या दोन खुणा स्टॅकवरून (लुआ आणि सी ज्या जागेतून मूल्यांची देवाणघेवाण करतात तिथून) किती मूल्ये काढली आणि किती ठेवली ते सांगतात. तिसरी खूण बहुतेक जण वाचतच नाहीत आणि या प्रश्नात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. आडवी रेघ असेल तर ते फंक्शन कधीही त्रुटी फेकत नाही. ‘एम’ असेल तर फक्त मेमरी संपल्याची त्रुटी येऊ शकते. ‘व्ही’ असेल तर मजकुरात सांगितलेल्या त्रुटी येतात. ‘ई’ असेल तर कोणतीही त्रुटी येऊ शकते, कारण त्या फंक्शनमधून मेटामेथडच्या (टेबलासारख्या मूल्याचे वागणे बदलणाऱ्या फंक्शनच्या) वाटेने लुआचा वाटेल तो कोड चालू शकतो. ‘लुआ_गेटग्लोबल’ आणि ‘लुआ_गेटफील्ड’ या दोघांवरही ‘ई’ आहे. निरुपद्रवी वाटणाऱ्या ‘लुआ_पुशस्ट्रिंग’वर ‘एम’ आहे.

यावरचा उपाय म्हणजे यजमान प्रोग्रॅममधून लुआत शिरण्यासाठी एकच दार ठेवणे. लुआशी जे काही बोलायचे आहे, म्हणजे स्क्रिप्ट लोड करणे, ती चालवणे आणि तिचे निकाल वाचणे, ते सारे एका सी फंक्शनच्या आत लिहावे आणि ते फंक्शन ‘लुआ_पीकॉल’मधून बोलवावे. आत माहिती नेण्यासाठी आपल्या स्ट्रक्चरचा पॉइंटर लाइट युजरडेटा (नुसता पत्ता असलेले लुआचे मूल्य) म्हणून द्यावा. ‘लुआ_पुशसीफंक्शन’ आणि ‘लुआ_पुशलाइटयुजरडेटा’ ही दोन्ही फंक्शने ५.४ मध्ये त्रुटी फेकत नाहीत, म्हणून दाराबाहेर फक्त ही दोन आणि ‘लुआ_पीकॉल’ एवढेच कॉल उरतात. लुआचा स्वतःचा आज्ञा-ओळीवरचा प्रोग्रॅमही असाच लिहिलेला आहे. त्यातले मुख्य फंक्शन जवळपास सगळे काम ‘पीमेन’ नावाच्या आतल्या फंक्शनकडे सोपवते. ५.१ मध्ये साधे सी फंक्शन स्टॅकवर ठेवतानाही मेमरी लागत असे, म्हणून तिथे याच कामासाठी ‘लुआ_सीपीकॉल’ वापरावे लागते.

एवढे करूनही पॅनिक फंक्शन आपले स्वतःचे बसवावेच, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. आमच्या पॅनिक फंक्शनमध्ये दोनच गोष्टी होतात : व्हॉल्व्हचे आउटपुट बंद केले जातात आणि संदेश फाइलमध्ये लिहिला जातो. तिथून लाँगजंप करून प्रोग्रॅम पुढे रेटता येतो, हे खरे आहे. परंतु ज्या प्रोग्रॅमच्या लेखकाला ही त्रुटी कुठून आली हेच ठाऊक नव्हते, त्याने हवेचा दाब हाताळणारे यंत्र त्या अवस्थेत पुढे चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रोसेस संपू द्यावी आणि ‘सिस्टमडी’सारख्या देखरेखकर्त्याकडून ती नव्याने सुरू करून घ्यावी.

दुसरी तक्रार : प्रोग्रॅम जिवंत असतो, पण गोठतो

या तक्रारीने आमचे सर्वाधिक दिवस घेतले. आमच्या कार्यालयातील विंडोज संगणकावर हा बिघाड एकदाही दिसला नाही. चाकणच्या लिनक्सवर मात्र तो दर आठवड्याला दिसत होता.

स्क्रिप्टला दाबाचे वाचन मिळावे म्हणून आम्ही एक सी++ फंक्शन लुआत नोंदवले होते. त्याच्या पहिल्याच ओळीत सेन्सरच्या म्यूटेक्सवर (एका वेळी एकाच थ्रेडला काम करू देणाऱ्या कुलपावर) ‘लॉक_गार्ड’ घेतलेले होते आणि त्यानंतर ‘लुआएल_चेकइंटिजर’ने चॅनेलचा क्रमांक वाचला जात होता. स्क्रिप्टमधून क्रमांकाऐवजी ‘निल’ आले की ‘लुआएल_चेकइंटिजर’ त्रुटी फेकते. ती उडी मारून थेट ‘लुआ_पीकॉल’मध्ये पोहोचते, ‘लॉक_गार्ड’चा डिस्ट्रक्टर (वस्तू संपताना आवराआवर करणारा, येथे कुलूप सोडणारा कोड) चालत नाही आणि म्यूटेक्स कायमचा बंद राहतो. त्रुटीचा संदेश लॉगमध्ये व्यवस्थित येतो, म्हणून सारे सुरळीत आहे असा भास होतो. पुढच्या सायकलला दुसरा थ्रेड त्याच म्यूटेक्सची वाट पाहत थांबतो तो थांबतोच.

सी++ च्या प्रमाणात याविषयी संदिग्धता नाही. ज्या दोन ठिकाणांमध्ये लाँगजंप होते, तिथे त्याऐवजी एक्सेप्शन फेकले असते तर एखादा क्षुल्लक नसलेला डिस्ट्रक्टर चालला असता, अशी परिस्थिती असेल तर वर्तन अनिश्चित मानले जाते. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर सी++ कोडमधील लाँगजंप एक्सेप्शनप्रमाणेच स्टॅक उलगडत जाते आणि डिस्ट्रक्टर चालवते. आमच्या कार्यालयात बिघाड का दिसत नव्हता, त्याचे उत्तर हेच होते. ज्या यंत्रावर प्रोग्रॅम अखेर चालणार आहे त्याच प्रणालीवर आणि त्याच कंपायलरने चाचणी घेतली पाहिजे, हे आम्हाला माहीत होते. कामाच्या घाईत आम्ही ते केले नव्हते.

या आजारावर दोन औषधे आहेत. पहिले म्हणजे लुआच सी++ म्हणून कंपाइल करणे. तसे केल्यावर लुआ लाँगजंपऐवजी ‘थ्रो’ आणि ‘कॅच’ वापरते आणि डिस्ट्रक्टर चालतात. हा मार्ग सोपा आहे, पण त्याची किंमत जाणून घ्यावी. आपल्या फंक्शनमध्ये कुठेही ‘सर्व काही झेलणारा’ कॅच असेल, तर तो लुआची स्वतःची त्रुटीही गिळून टाकतो आणि त्यानंतर लुआच्या आतला हिशेब बिघडतो. उलट आपले एक्सेप्शन लुआपर्यंत गेले तर लुआ ते झेलते, पण त्यातला संदेश तिला वाचता येत नाही आणि ‘लुआ_पीकॉल’कडून केवळ उणे एक हा क्रमांक हाती येतो. शिवाय लिनक्सच्या वितरणातून तयार मिळणारी लुआची लायब्ररी सहसा सी म्हणूनच कंपाइल केलेली असते, त्यामुळे आपली प्रत स्वतः बांधून सांभाळावी लागते.

दुसरे औषध शिस्तीचे आहे आणि आम्ही तेच निवडले. लुआत नोंदवलेल्या प्रत्येक फंक्शनचे तीन भाग पाडायचे. पहिल्या भागात फक्त लुआकडून येणारी मूल्ये तपासून साध्या चलांमध्ये घ्यायची. या भागात डिस्ट्रक्टर असलेली एकही वस्तू तयार झालेली नसावी. दुसरा भाग स्वतंत्र महिरपी कंसात ठेवायचा. तिथे म्यूटेक्स, स्ट्रिंग, व्हेक्टर जे हवे ते वापरावे, पण त्रुटी फेकू शकणारे लुआचे एकही फंक्शन बोलावू नये. हा कंस बंद झाला की सर्व डिस्ट्रक्टर चाललेले असतात. मग तिसऱ्या भागात, साध्या चलांमध्ये ठेवलेला निकाल लुआच्या स्टॅकवर ठेवायचा किंवा त्रुटी फेकायची. निकाल मोठी स्ट्रिंग असेल तर एवढ्याने भागत नाही, कारण ती लुआला देतानाही मेमरीची त्रुटी येऊ शकते. अशा वेळी ती वस्तू पूर्ण युजरडेटामध्ये (लुआच्या ताब्यातील मेमरीत) तयार करून तिला ‘__जीसी’ (वस्तू साफ होताना चालणारे फंक्शन) असलेले मेटाटेबल लावावे. मग उडी कुठूनही पडली तरी गार्बेज कलेक्टर (वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारा लुआचा भाग) ती वस्तू केव्हा ना केव्हा साफ करतो. म्यूटेक्स मात्र या मार्गाने कधीही सोपवू नये. गार्बेज कलेक्टर केव्हा येईल याचा नेम नसतो आणि कुलूप तोवर बंद राहते.

यातच आणखी एक उपद्रव दडलेला आहे. दुसऱ्या भागातील सी++ कोडने एक्सेप्शन फेकले आणि ते आपल्या फंक्शनबाहेर पडले, तर सी म्हणून कंपाइल केलेल्या लुआच्या फ्रेममधून (चालू फंक्शनच्या नोंदींमधून) ते वर जाऊ लागते. लुआला त्याची वार्ताच नसते. कधी प्रोसेस तिथेच संपते. कधी एक्सेप्शन वर कुठेतरी झेलले जाते आणि सारे ठीक दिसते, पण लुआ स्टेटच्या आत परतीच्या जागेचा जो पत्ता नोंदलेला होता तो आता मेलेल्या फ्रेमकडे बोट दाखवत राहतो. त्यानंतरची पहिली असंरक्षित त्रुटी त्या पत्त्यावर उडी मारते. बिघाड एका ठिकाणी आणि पडझड तासाभराने भलत्याच ठिकाणी, असे या दोषाचे स्वरूप असते. म्हणून दुसऱ्या भागाभोवती ट्राय आणि कॅच हवेतच. कॅचमध्ये संदेश एका ठरावीक लांबीच्या कॅरेक्टर ॲरेमध्ये उतरवून घ्यावा, कॅचचा कंस बंद होऊ द्यावा आणि मगच ‘लुआएल_एरर’ बोलवावे. कॅचच्या आतूनच उडी मारली तर एक्सेप्शनची वस्तू मोकळी होत नाही.

ज्यांनी पायथनही आपल्या प्रोग्रॅममध्ये बसवली आहे त्यांना हा फरक चटकन जाणवेल. तिथे सी बाजूची फंक्शने चूक झाल्यावर बहुधा रिकामा पॉइंटर परत करतात, म्हणजे त्रुटी जिना उतरून येते. तिथला धोका वेगळा असतो : परत आलेले मूल्य न तपासता पुढे जाण्याचा.

तिसरी तक्रार : काल चालणारी स्क्रिप्ट आज ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ का म्हणते

‘लुआ_पीकॉल’ अयशस्वी झाले की ते त्रुटीची वस्तू स्टॅकवर ठेवून परतते. ती वस्तू काढून टाकणे हे यजमानाचे काम आहे. आमच्या यंत्रात तापमानाची नोंद ठेवणारी एक छोटी स्क्रिप्ट दर सेकंदाला १० वेळा चालत होती. तापमानाचा सेन्सर ऐच्छिक होता आणि या यंत्रावर तो बसवलेलाच नव्हता, त्यामुळे ती स्क्रिप्ट प्रत्येक वेळी ‘निल’वर गणित करायला जाऊन चुकत होती. लॉग भरून जाऊ नये म्हणून आम्ही पहिला संदेश लिहून पुढचे सोडून दिले होते, आणि त्या ‘सोडून देण्याच्या’ वाटेवर स्टॅकवरची वस्तू काढण्याची ओळच राहिली होती.

लुआच्या स्टॅकची कमाल मर्यादा सामान्यतः १०,००,००० जागांची असते. सेकंदाला १० या हिशेबाने ती १,००,००० सेकंदांत, म्हणजे सुमारे पावणेअठ्ठावीस तासांत भरते. सकाळच्या शिफ्टला चालू केलेले यंत्र दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास रुसते, हे कोडे या एका भागाकाराने सुटले. मर्यादा गाठल्यावर निर्दोष स्क्रिप्टलाही नकार मिळतो, आणि तरीही यजमान मूल्ये ठेवतच राहिला तर मेमरी बिघडण्याची वेळ येते. तोवर स्टॅकवर पडून राहिलेले संदेश गार्बेज कलेक्टरला हलवता येत नाहीत, म्हणून प्रोग्रॅमची मेमरीही हळूहळू चढत जाते. ही चढती रेषा दिसली तर मर्यादा गाठण्याआधीच संशय घ्यावा.

निदानाची एक सोपी खूण आहे. स्क्रिप्टमध्ये अंतहीन पुनरावर्तन असेल तरीही हाच संदेश येतो, पण तेव्हा ट्रेसबॅकमध्ये (चुकीपर्यंत पोहोचलेल्या फंक्शनांच्या यादीत) एकच फंक्शन पुन्हा पुन्हा दिसते आणि मध्ये काही पातळ्या वगळल्याची नोंद असते. ट्रेसबॅक जेमतेम एकदोन ओळींचा असेल आणि तरीही ओव्हरफ्लो म्हणत असेल, तर दोष यजमानाच्या बाजूला आहे असे समजावे. खात्री करण्यासाठी एकमेव दाराच्या सुरुवातीला ‘लुआ_गेटटॉप’चे मूल्य नोंदवावे आणि बाहेर पडताना ते तेवढेच आहे याची तपासणी करावी, यश असो वा अपयश, ‘लुआ_सेटटॉप’ने मूळ उंचीवर परत यावे. चाचणीच्या काळात लुआ ‘लुआ_यूज_एपीआयचेक’ हा पर्याय चालू करून कंपाइल केली तर स्टॅकचा असा गैरवापर पुष्कळदा जागच्या जागी पकडला जातो.

संदेश वाचतानाही दोन चुका होतात. ‘लुआ_टूस्ट्रिंग’कडून मिळालेला पॉइंटर ती स्ट्रिंग स्टॅकवर असेपर्यंतच भरवशाचा असतो, स्टॅकवरून काढल्यानंतर तो वापरणे म्हणजे भाडेकरू गेल्यावर त्याच्या पत्त्यावर पत्र पाठवणे. आधी प्रत घ्यावी, मग काढावे. दुसरी चूक म्हणजे त्रुटीची वस्तू स्ट्रिंगच असेल असे गृहीत धरणे. स्क्रिप्ट टेबलही फेकू शकते आणि ‘निल’ही, तेव्हा ‘लुआ_टूस्ट्रिंग’ रिकामा पॉइंटर देते आणि तो थेट लॉगकडे दिला की त्रुटी हाताळणारा कोडच कोसळतो. त्याऐवजी ‘लुआएल_टूएलस्ट्रिंग’ वापरावे, पण तेही मेटामेथड चालवू शकते, म्हणून ते संदेश-हाताळणीच्या फंक्शनमध्ये, म्हणजे संरक्षणाच्या आतच वापरावे.

संदेश कामाचा व्हावा म्हणून

‘लुआ_पीकॉल’च्या शेवटच्या जागी संदेश हाताळणाऱ्या फंक्शनचा क्रमांक देता येतो. पुष्कळ ठिकाणी तिथे शून्य दिलेले दिसते. हे फंक्शन स्टॅक उलगडण्यापूर्वी चालते, म्हणून त्याच्या आत ‘लुआएल_ट्रेसबॅक’ बोलावले तर चूक नेमकी कोणत्या फंक्शनमधून कोणत्या फंक्शनमध्ये जाताना झाली ते कळते. ‘लुआ_पीकॉल’ परतल्यानंतर ती माहिती उरलेलीच नसते. मेमरी संपल्याच्या त्रुटीत मात्र हे फंक्शन बोलावले जात नाही, त्यामुळे तिथे ट्रेसबॅकची वाट पाहू नये.

मराठी वापरकर्त्यांना हमखास भोवणारी एक बाब येथे सांगितली पाहिजे. त्रुटीच्या संदेशात स्क्रिप्टचे नाव दाखवण्यासाठी लुआने ६० बाइटची मर्यादा घातलेली आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह आणि प्रत्येक मात्रा ३ बाइट घेते, म्हणजे जेमतेम वीसएक चिन्हांत ही जागा संपते. सुपरवायझरने फाइलला ‘पंपाचे झाकण नवीन साचा’ असे नाव दिले आणि त्याआधी फोल्डरचा मार्गही जोडला गेला, की लुआ नावाचा सुरुवातीचा भाग कापून तिथे तीन टिंबे घालते. हा काप अक्षराच्या मधोमध पडू शकतो. आमची लॉग लिहिणारी लायब्ररी असा मोडका मजकूर अवैध म्हणून नाकारत होती आणि ज्या क्षणी संदेशाची सर्वाधिक गरज होती त्याच क्षणी तो हरवत होता. मराठी नावे बंद करणे हा उपाय मला मुळीच मान्य नाही. ज्याला यंत्र चालवायचे आहे त्याला आपल्या भाषेत नाव देता आले पाहिजे. स्क्रिप्ट लोड करताना लुआला ‘@’ या चिन्हामागे मॉडेलचा छोटा क्रमांक नाव म्हणून द्यावा आणि त्या क्रमांकाचे मराठी नाव यजमानाने आपल्या यादीतून शोधून दाखवावे. हवे तर ‘लुआकॉन्फ’ या हेडर फाइलमधील मर्यादा वाढवूनही लुआ कंपाइल करता येते.

संरक्षित कॉल ज्यापासून वाचवत नाही

स्क्रिप्टमध्ये कधीच न संपणारे आवर्तन असेल तर त्रुटी येतच नाही, म्हणून झेलण्याचा प्रश्न उद्भवत नाही. त्यासाठी ‘लुआ_सेटहुक’ने लुआचे ठरावीक संख्येचे आदेश चालून झाल्यावर चालणारे फंक्शन, म्हणजे हुक, बसवावे आणि मुदत संपली असेल तर तिथून त्रुटी फेकावी. स्क्रिप्टनेच स्वतःच्या ‘पीकॉल’मध्ये ती त्रुटी गिळली तर आवर्तन चालूच राहते, म्हणून मुदत संपल्यानंतर हुक पुढच्या प्रत्येक वेळीही त्रुटी फेकत राहील असे लिहावे. लुआच्या सी फंक्शनच्या आत वेळ जात असेल, उदाहरणार्थ गुंतागुंतीच्या पॅटर्नने मोठी स्ट्रिंग शोधताना, तर हा हुक चालत नाही. अशा प्रसंगांसाठी स्वतंत्र वॉचडॉग (वेळेत प्रतिसाद न आल्यास हस्तक्षेप करणारी देखरेख) हवा.

मेमरीसाठी स्वतःचा ॲलोकेटर (लुआला मेमरी पुरवणारे फंक्शन) देऊन मर्यादा घालता येते. मर्यादा ओलांडल्यावर ॲलोकेटरने रिकामा पॉइंटर दिला की लुआ आधी तातडीने कचरा गोळा करून पाहते आणि तरीही जागा मिळाली नाही तर त्रुटी फेकते. ‘ओएस’ लायब्ररीतील ‘एक्झिट’ संपूर्ण यजमान बंद करते, म्हणून सर्व लायब्ररी सरसकट न उघडता लागतील तेवढ्याच उघडाव्यात. स्क्रिप्ट लोड करताना केवळ मजकूर स्वीकारण्याचा पर्याय द्यावा. मुद्दाम बिघडवलेला बाइटकोड (आधीच कंपाइल केलेली स्क्रिप्ट) लुआच्या इंटरप्रिटरलाच कोसळवू शकतो आणि तिथे कोणताही संरक्षित कॉल कामी येत नाही. ५.४ मध्ये ‘__जीसी’ फंक्शनच्या आत झालेली चूक त्रुटी म्हणून वर येत नाही, ती केवळ इशारा म्हणून येते. इशारे लॉगमध्ये उतरतील असे फंक्शन ‘लुआ_सेटवॉर्नएफ’ने बसवले नसेल, तर ती चूक कुणालाच कळत नाही.

दुरुस्ती खरोखर झाली आहे याची खात्री

सर्वांत उपयोगी पडलेली चाचणी ॲलोकेटरवर आधारलेली आहे आणि ती लिहायला अर्धा दिवस पुरतो. चाचणीच्या ॲलोकेटरमध्ये एक मोजणी ठेवावी आणि ‘न’ क्रमांकाच्या मागणीपासून पुढे प्रत्येक वेळी मेमरी नाकारावी. मेमरी मोकळी करण्याची किंवा आकार कमी करण्याची मागणी मात्र कधीही नाकारू नये. ‘न’ला १ पासून सुरुवात करून यंत्राची एक संपूर्ण सायकल पुन्हा पुन्हा चालवावी आणि सायकल निर्वेध पार पडेपर्यंत ‘न’ एकेकाने वाढवत न्यावा. अशा रीतीने मेमरी मागणारी जवळपास प्रत्येक जागा एकदा तरी त्रुटी फेकते. प्रत्येक फेरीनंतर तीन गोष्टी तपासाव्यात : प्रोसेस जिवंत आहे, स्टॅकची उंची पूर्ववत आहे आणि सर्व म्यूटेक्स घेऊन सोडता येतात. सोबत ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीतील चुका पकडणारे कंपायलरचे साधन) चालू असेल तर गळलेली मेमरीही दिसते. आमच्या कोडमध्ये या चाचणीने अशी असंरक्षित ठिकाणे उघडी पाडली, जी नुसते कोड वाचून आम्हाला सापडली नव्हती.

यानंतर एक निर्णय उरतो आणि तो लुआचा नसून यंत्राचा आहे. सायकलच्या मध्यावर स्क्रिप्ट चुकली तर भागात हवा भरलेली असते आणि क्लॅम्प दाबलेला असतो. आउटपुट सुरक्षित स्थितीत नेण्याचे काम पूर्वी स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळींवर सोपवलेले होते, म्हणजे नेमक्या त्या ओळी त्रुटीनंतर कधीच चालत नव्हत्या. आता एकमेव दाराबाहेर, ‘लुआ_पीकॉल’ परतल्यावर, यजमान स्वतः एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, दाब उतरल्याची खात्री करतो आणि मगच क्लॅम्प सोडतो. तो भाग पास किंवा रिजेक्ट यांपैकी कशातही मोजला जात नाही. ‘तपासणी अपूर्ण’ अशी त्याची वेगळी नोंद होते आणि पडद्यावर मॉडेलचे मराठी नाव, ओळ क्रमांक आणि ‘भाग पुन्हा तपासा, सुपरवायझरला कळवा’ अशी सूचना येते. संपूर्ण ट्रेसबॅक फाइलमध्ये जातो आणि तो वाचूनच आता आम्ही बहुतेक प्रश्नांची उत्तरे कोथरूडमध्ये बसून फोनवर देतो.